काहिलीची गोष्ट मला का नाही सांगितलीत?

स्टुटगार्ट,
६ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. भडंगाची पिशवी फुटली नाही, चटणीची बरणीही शाबूत आहे. आज इथे सणाची सुट्टी आहे, म्हणून सकाळीच लिहायला बसलो. हे फोनवर बोलायला गेलो तर मला रडू येईल आणि आई घाबरेल.

निघायच्या आदल्या रात्री मी हरिपूरहून उशिरा आलो. आई जागीच होती. "एवढं काय बोलत बसलेलात?" असं तू विचारलंस, आणि मी "काही नाही" म्हणून झोपायला गेलो. ते काय होतं, ते आज सांगतो.

शाळेतले आम्ही पाचजण संगमाच्या अलीकडे एकाच्या मळ्यात जमलो होतो. त्याच्या आजोबांची हळदीची पेवं होती ना, हळद साठवायचे ते जमिनीखालचे खड्डे, तोच. २००५ च्या पुरात त्यांत पाणी शिरलं तेव्हापासून त्यांच्याकडे पेव भरणं बंद झालं. तुरकाठ्यांचा जाळ केला आणि कृष्णाकाठची वांगी भाजायला टाकली. पहिला तासभर नेहमीचंच, कुणाची मुलं कितवीत, कुणाचे गुडघे दुखतात. मग आपला वायरमन गरम वांग्याची साल काढायला लागला, तेव्हा जाळाच्या उजेडात त्याच्या डाव्या तळहातावरचा व्रण दिसला. अंगठ्यापासून मनगटापर्यंत, पांढरा, जाडसर. "हे कधी रे?" विचारलं तर त्याने हात मागे घेतला. दुसराच म्हणाला, "तुमच्याच कपाटाची काच."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी इथून रोज एकच आकडा बघत होतो, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट. पंचेचाळीसला धोका, हे लहानपणापासून पाठ. ते सत्तावन्नच्या वर गेलं तेव्हा मी फोन केला होता. बाबा म्हणाले, "दोन पायऱ्या बुडाल्यात, आम्ही विश्रामबागेत आहोत, मजेत." मी विश्वास ठेवला आणि ऑफिसला गेलो.

प्रत्यक्षात तुम्ही दोघं माडीवरच्या खोलीत दोन रात्री अंधारात बसून होतात. बाबांच्या गोळ्या संपलेल्या. बोट गल्लीत येईना, म्हणून वायरमन आणि आमच्यातला आणखी एक, या दोघांनी गुऱ्हाळावरची काहील, उसाचा रस उकळायची ती भलीमोठी कढई, आणली आणि विजेच्या खांबांना दोर बांधत बांधत आपल्या जिन्यापर्यंत आले. आई, घाटाच्या दुसऱ्या पायरीखाली कधी न उतरणारी तू त्या काहिलीत बसलीस, देव्हाऱ्यातले देव पदरात बांधून! पाणी ओसरल्यावर त्यांनी तीन दिवस आपल्या घरातला गाळ फावड्याने ओढला. तेव्हाच वायरमनला ती काच लागली. स्वतःच्या दुकानातला गाळ त्याने नंतर काढला.

मला वाटायचं, गावी जाऊन मित्रांना भेटायचं म्हणजे जुन्या आठवणी काढायच्या. त्या रात्री त्यांच्याकडे माझ्याच घराचा एक आख्खा आठवडा निघाला, मला ठाऊक नसलेला. मी परदेशी राहून मुलगा म्हणून जे करायचं राहिलं, ते त्यांनी करून टाकलं, आणि इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलले नाहीत. तुम्हीच बजावलं होतंत म्हणे, "त्याला सांगू नका, तो तिकडे जीव टांगणीला लावून बसेल."

मी वायरमनला दुकानासाठी काही पैसे देऊ केले. इतका चिडला! म्हणाला, "गप भाकरी खा." मी खाल्ली. पण घास उतरत नव्हता.

सकाळी तुम्ही उठायच्या आधी जिन्याखालच्या खोलीचं दार लोटून बघितलं. बाकी सगळीकडे रंग दिलात, तिथे नाही. गाळाची रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे. मी हात उंच करून तिला लावला.

बाबा, मी रागावलेलो नाही. तुमच्या जागी मीही कदाचित हेच केलं असतं. पण आता नको. संक्रांतीला गुळाच्या पोळ्या कराल तेव्हा माझ्या वाटणीच्या वायरमनच्या घरी पोचवा, तुपाची वाटी सोबत द्या. आणि येत्या पावसाळ्यात पाणी किती फूट, हे मी विचारलं की खरं सांगायचं.

तुमचा,
धाकटा