गट सुरू करण्याआधी

कोल्हापूर

प्रिय सुहास,

डिप्रेशन आणि बायपोलर (कधी खोल उदासी, कधी अतिउत्साह) असणाऱ्यांसाठी इथे आधारगट काढायचं तू पक्कं केलंस, फार बरं वाटलं. आता कामाचं लिहितो.

आधी जागा. आपल्याकडे रंकाळ्यावर चक्कर मारली तरी चार ओळखीचे भेटतात. त्यामुळे पेठेतली तालीम किंवा मंडळाची खोली नको. जिथे शिकवण्या, योगवर्ग असं काहीबाही चालू असतं तिथली खोली बघ. आत जाणारा कशासाठी आलाय हे कुणाला कळता कामा नये. पाटी तर लावूच नकोस. इचलकरंजी, कागलहून येणाऱ्यांसाठी स्टँडपासून चालत जाता आलं पाहिजे.

माणसं आठ ते बारा, वेळ दीड तास, पंधरा दिवसांतून एकदा, वार ठरलेला. दहाजण प्रत्येकी पाच मिनिटं बोलले की पन्नास मिनिटं गेली. उरलेल्या वेळात मोकळी चर्चा. घड्याळ समोरच ठेव. मॅनियाकडे, म्हणजे त्या अतिउत्साहाकडे, झुकलेला माणूस एकटाच तास खातो, आणि डिप्रेशनमधला, ज्याला तोंड उघडणंच जड जातं, तो पुढच्या वेळी फिरकत नाही. चालवणारे दोघं हवेत : कुणाला भरून आलं तर एकजण त्याच्याबरोबर बाहेर बसेल.

गटाची सगळी ताकद 'मलाही असंच होतं' या एका वाक्यात आहे. 'आंघोळीलाही उठवत नाही' असं घरी म्हटलं की माणूस आळशी ठरतो. इथे तिघं माना डोलावतात, आणि एखादा सांगतो की तो आधी नुसतं तोंड धुतो, चहा घेतो, आंघोळीचं मग बघतो. असला सल्ला डॉक्टरच्या चिठ्ठीवर नसतो.

पण घात होतो तोही याच वाक्याने. लिथियम, म्हणजे बायपोलरवरचं औषध, घेणारा 'हात थरथरतात' म्हणाला की कुणीतरी 'मलाही होतं, काही नाही त्यात' म्हणणारच. बारीक कंप पुष्कळांना असतो, खरंय. पण हात जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, जीभ अडखळते, तोल जातो, तर रक्तातलं लिथियम वाढलेलं असू शकतं. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं, किंवा गुडघेदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली, तरी ते वाढतं. अशा वेळी चर्चा करत बसायचं नाही, लगेच दवाखाना. आणि डोस हा विषय बैठकीत घ्यायचाच नाही. त्रास कागदावर लिहायचा नि डॉक्टरांना दाखवायचा.

प्रत्येकाला अर्ध्या पानाचा तक्ता दे : झोप किती तास, मूड उणे तीन ते अधिक तीन, गोळी घेतली का. झोप सातवरून चारवर आली आणि तरी गडी टवटवीत, तर सावध हो, ती मॅनियाची चाहूल असू शकते. त्याला स्वतःला मस्तच वाटत असतं, म्हणून तो बरा असतानाच लिहून घे, की अशा वेळी फोन कुणाला करायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात उपचारांच्या निर्णयात साथ देणारा आपल्या पसंतीचा माणूस, नेमायची सोय आहे, तेही सगळ्यांना सांग.

जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. धोका वाटला तर माणसाला एकटं सोडू नका, सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

घरच्यांची बैठक वेगळी ठेव. सासूसमोर सून काय बोलणार?

तुझा,
अविनाश