ट्रेलरचा टायर नुसता नक्षी बघून पास करू नका

संपादक महोदय,

गाडीमागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे राहण्याची सोय असलेला चाकांचा डबा, जोडून फिरण्याबद्दल हल्ली बरंच वाचायला मिळतं, मुक्काम कुठे करावा, आत काय सोयी हव्यात वगैरे, पण ट्रेलरच्या टायरबद्दल आणि सुट्ट्या सामानाबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून हे पत्र.

ट्रेलर वर्षातले थोडेच दिवस रस्त्यावर असतो, बाकी वेळ एका जागी उन्हात उभा. त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि मालक बिनधास्त असतो. पण हे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात, रबर कडक होतं, साइडवॉलवर म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक चिरा पडतात. डीओटी अक्षरांनी सुरू होणारा जो नंबर टायरवर असतो त्याचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. बऱ्याचदा हे चार आकडे नेमके आतल्या बाजूला असतात, ट्रेलरखाली वाकून टॉर्च मारून वाचावे लागतात, पण वाचाच. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, माझ्या मते तो टायर लांबच्या प्रवासाला नेऊच नये.

हवा सकाळी निघायच्या आधी, टायर थंड असताना तपासायची. चालून गरम झालेल्या टायरमध्ये प्रेशर जास्तच दाखवतं, ते बघून हवा सोडली की टायर कमी हवेवर धावतो, साइडवॉल सारखी दबते, आतून तापते आणि मग फुटतो. आणि मागे काय चाललंय ते पुढे बसलेल्याला लगेच कळतही नाही. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये एक टायर बसला तर शेजारचा त्याचा भार ओढत राहतो आणि थोड्या वेळाने तोही जातो, शिवाय फुटलेल्या टायरचे फाटके पट्टे फिरता फिरता खालची वायरिंग, कधी गॅसचा पाइपसुद्धा तोडतात. वेगाचंही तेच, ट्रेलरच्या खास टायरवर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर मर्यादा साधारण ताशी १०५ किलोमीटर धरतात, पण लोक ट्रेलर मागे आहे हे विसरून कारच्या वेगाने हाणतात.

आता सामान. १०० लिटर पाण्याची टाकी भरली म्हणजे १०० किलो वाढले, हे कितीजण मोजतात? सगळं भरून एकदा वजनकाट्यावर नेऊन बघा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलरच्या जोडावर, यायला हवं, जड वस्तू खाली आणि अ‍ॅक्सलच्या आसपास, सगळं मागे कोंबलं की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. नीट लावलेलं सामान बांधलेलं नसेल तर एका जोरदार ब्रेकमध्ये जागा सोडतं आणि सगळा तोल बदलतो.

सायकली, जनरेटर, खुर्च्या हुकवाल्या इलॅस्टिक दोरीने बांधलेल्या दिसल्या की मला खरंच भीती वाटते, झटका बसला की ती दोरी ताणते आणि वस्तू थेट मागच्या गाडीवर. खटक्याने आवळून घट्ट करायचा रॅचेट पट्टाच लावा, उरलेलं टोक गुंडाळून बांधा, नाहीतर ते वाऱ्याने फडफडून कुरतडतं किंवा चाकात जातं. पहिल्या थोड्या किलोमीटरनंतर थांबून पट्टे परत आवळा कारण सामान बसतं आणि पट्टा सैल पडतो. चाक बदललं असेल तर ८०-१०० किलोमीटरवर नटही परत आवळायचे. फ्रिजचं दार, कपाटं, छतावरची खिडकी, ऑनिंग म्हणजे बाजूला उघडणारं कापडी छप्पर, हे सगळं लॉक, गॅस सिलिंडर उभा आणि व्हॉल्व्ह बंद.

ट्रेलर भाड्याने देणाऱ्यांना माझी विनंती आहे, चावी देताना टायरची तारीख, थंड टायरचं प्रेशर आणि जास्तीत जास्त वजन हे तिन्ही लिहून द्या. आणि भाड्याने घेणाऱ्यांनो, नाही दिलं तर मागून घ्या, टाळाटाळ झाली तर हिच जोडायच्या आधी स्वतः वाकून ते आकडे वाचा.

आपला,
एक नियमित वाचक