देवगडच्या मेडिकलवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मी आठवणारही नाही. बाजाराच्या दिवशी तुमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

सीलिअ‍ॅकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याच्या आजाराचं, निदान झालं आणि गहू सुटला. आम्हा कोकणातल्यांना त्याचं दुःख ते किती? तांदळाची भाकरी आहे, घावणे आहेत. पण चपातीसोबतची भाजी मागे पडून रोज कुळथाची पिठी, वालाची उसळ सुरू झाली आणि पोट टम्म फुगायला लागलं. चार माणसांत बसायची चोरी!

आधीच्या डॉक्टरांनी मान वर न करता "गॅस कुणाला होत नाही?" म्हणत अ‍ॅसिडिटीची गोळी खरडली. एका दुकानदाराने 'ग्लुटेन पचवणारी' महागडी बाटली गळ्यात मारली, वर "आता बिनधास्त चपाती खा" हा सल्ला फुकट. धन्य!

तुमच्याकडेही मी चाचरतच बोलत होते. मागे रांग, त्यात आमच्या वाडीतली माणसं. तुम्ही काउंटरची फळी उचलून बाहेर आलात, मला कपाटाच्या आडोशाला घेतलंत आणि हळूच विचारलंत, "कडधान्यं किती खाता? आणि हिंग कुठला?" गॅस हा शब्द मोठ्याने एकदाही नाही. तिथेच माझे डोळे भरून आले. समोरच्याची लाज राखून मदत करणारी माणसं किती उरलीत हो?

आणि तो हिंग! घरी येऊन डबी उलटी केली, तर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ. बांधणीच्या हिंगात ते घालतात, हे इतक्या दवाखान्यांत कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

कडधान्यांतल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत, मग मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस धरतो, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. त्याच साखरा फोडणारी अल्फा-गॅलॅक्टोसिडेजची गोळी देण्याआधी तिच्यात स्टार्च कसला आहे तेही वाचून पाहिलंत. पाकिटावर पेनाने लिहिलंत, 'पहिल्या घासाबरोबर. नंतर घेऊन उपयोग नाही.' त्या 'ग्लुटेन पचवणाऱ्या' बाटलीबद्दल मात्र आवाज चढला तुमचा: "तिच्या भरवशावर चपातीचा तुकडासुद्धा नको!"

परवा पुतणीच्या साखरपुड्याला वालाची उसळ खाल्ली आणि पंगत उठेपर्यंत निवांत बसले. दुधाचा चहा मात्र अजून सोसत नाही. आतडं भरून येईपर्यंत दूध जड जाईल, असं तुम्हीच म्हणाला होतात, म्हणून सध्या कोऱ्या चहावर भागवतेय.