तक्रारदाराचा विश्वास महत्त्वाचा

अमेरिकेतील माजी पोलीसप्रमुख आर्ट असेवेदो यांच्यावरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. क्युबातील हवानात जन्मलेला मुलगा चौथ्या वर्षी अमेरिकेत येतो आणि पुढे टेक्सास राज्यातील ऑस्टिन व ह्यूस्टन या शहरांचा पोलीसप्रमुख होतो, हे लेखकाने रंगवून सांगितले. त्यांची खरी कामगिरी मात्र एका वाक्यात उरकली.

पोलिसांनी अडवलेल्या व्यक्तीला तिचा स्थलांतराचा दर्जा (ती देशात कायदेशीररीत्या राहते का) विचारण्याची मुभा देणारा कायदा २०१७ मध्ये टेक्सासने केला. असेवेदो यांनी त्याला उघड विरोध केला, तोही आकडे मांडून. त्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत ह्यूस्टनमधील हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांशी मूळ असलेल्या) समाजातून येणाऱ्या बलात्काराच्या तक्रारी आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ४३ टक्क्यांनी घटल्या होत्या. इतरांच्या तक्रारी मात्र वाढल्या होत्या. गुन्हे कमी झालेले नाहीत, पीडित पोलिसांकडे यायला घाबरतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तक्रारच आली नाही तर गुन्हेगार मोकळाच राहणार. म्हणून लेखात त्यांच्या भूमिकेला निव्वळ ‘स्थलांतरितांविषयीची आपुलकी’ म्हटले आहे, ते अपुरे आहे. ती पोलिसी कामाची व्यावहारिक गरज होती.

जाता जाता, मायामीत २०२१ मध्ये अवघ्या सहा महिन्यांत त्यांना पोलीसप्रमुखपदावरून काढले गेले, हेही गौरवलेखात यायला हवे होते.

– एक वाचक, सांगली