रोपे मोजता, मातीही मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खाणकाम संपलेल्या जमिनीवर अमुक हजार रोपे लावल्याच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. रोपांचा आकडा असतो, फोटो असतो. रोपांखाली काय पसरले आहे, त्याचा मात्र उल्लेख नसतो. माझी नोकरी मृदा सर्वेक्षणात गेली, हातात गिरमिट आणि खांद्यावर नमुन्यांच्या पिशव्या. त्यामुळे अशा फोटोत माझी नजर आधी जमिनीकडेच जाते.

खाण उघडण्यापूर्वी वरची माती खरवडून बाजूला काढतात. खाण भरून झाली की तीच परत वर पसरायची असते, म्हणून पुढची सगळी मदार तिच्यावर. हा थर बहुधा 10 ते 30 सेंटीमीटरचा असतो. सेंद्रिय कर्ब, मुळांशी जगणारी बुरशी, गांडुळे सगळे त्यातच. बियांचा साठा तर बराचसा वरच्या चार बोटांत. डोझरवाल्याने सरसकट अर्धा मीटर खरवडला, तर ढीग मोठा दिसतो, पण कसदार माती निकस मातीत कालवली जाते आणि खोल गाडलेल्या बारीक बिया उगवून वर येऊ शकत नाहीत.

किती खरवडायचे, हे नकाशा पाहून ठरत नाही. उतारावर थर पातळ असतो, सखल भागात जाड, म्हणून जागोजागी खड्डे घ्यावे लागतात. प्रत्येक थराचा नमुना वेगळा ठेवून सामू (आम्ल-विम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि पोत तपासावा लागतो. एक परीक्षा तर कोणालाही करता येईल. वाळलेले छोटे ढेकूळ पेलाभर पावसाच्या पाण्यात अलगद सोडावे. थोड्या वेळाने त्याभोवती दुधाळ ढग पसरला, तर ती माती चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, निघण्याचा संभव मोठा. अशी माती वर पसरली की पहिल्याच सरीत तिच्यावर पापुद्रा धरतो, पाणी आत मुरत नाही. मातीखालून निघणारा दगडही तपासायला हवा. त्यात पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज असेल, तर हवा-पाणी लागून आम्ल तयार होते आणि वर चांगली माती घालूनही मुळे जळतात.

मग येतो हिशेब. एक हेक्टरवर 20 सेंटीमीटर थर म्हणजे 2000 घनमीटर माती. खणून सुटी झाली की ती फुगते, म्हणजे ढिगात मोजल्यावर आकडा थोडा जास्तच यायला हवा. तो कमी आला, तर उरलेली माती गेली कुठे? बरेचदा ती खाणीतल्या टाकाऊ दगडांच्या ढिगाखाली गेलेली असते, आणि तिथून ती परत येत नाही.

माती हलवण्याची वेळ वाफसा, म्हणजे मातीतली ओल बेताची झाली का, ते पाहून ठरवावी, ठेकेदाराची मुदत पाहून नव्हे. चिमूटभर माती तळहातावर वळावी. तिची 3 मिलिमीटर जाडीची वात न तुटता झाली, तर त्या दिवशी यंत्रे बंद ठेवावीत. ओल्या मातीवरून डंपर गेला की ती दाबून घट्ट बसते, आणि चिकण मातीची घनता घनसेंटीमीटरला दीड ग्रॅमच्या आसपास गेली की मुळे आत शिरेनाशी होतात.

सर्वांत जास्त हानी ढिगात होते. ढीग दोन-तीन मीटरपेक्षा उंच नसावा, असे सगळे सांगतात, पण जागा वाचवायला तो टेकडीएवढा रचतात. असाच वर्षानुवर्षे पडून राहिलेला एक ढीग मी खणून पाहिला होता. वर हातभर तपकिरी माती, गवताची मुळे; त्याखाली करडी-निळसर, कुजकट वासाची. हवा न पोचलेल्या मातीत अमोनियम साठत जाते. माती पसरल्यावर त्याचे झपाट्याने नायट्रेट होते आणि ते पावसाबरोबर निघून जाते. बुरशी, गांडुळे तर आधीच संपलेली असतात. अमेरिकेच्या 1977 च्या कोळसा खाण कायद्यात वरची माती वेगळी काढण्याची आणि लगेच वापरायची नसेल तर ढिगावर हिरवे आच्छादन वाढवून ती राखण्याची अट आहे. माझ्या मते ढीग घालूच नये. खाणीच्या नव्या पट्ट्याची माती थेट, खणून परत भरून झालेल्या पट्ट्यावर न्यावी. पश्चिम ऑस्ट्रेलियात जारा वृक्षांच्या जंगलातील बॉक्साइट खाणींवर असे करतात, आणि ढिगातल्या मातीपेक्षा अशा मातीतून स्थानिक झाडे जास्त उगवतात.

पसरण्यापूर्वी खालचा भराव समतल रेषेत, म्हणजे उताराला आडवा, खोल फोडून घ्यावा, आणि पसरलेल्या मातीवर पुन्हा यंत्र फिरवू नये. माती कमी पडली तर सगळीकडे पातळ हात फिरवण्याऐवजी निवडक जागी पुरेशी जाड द्यावी, असे मला वाटते. बियांसाठी पातळ थरही चालतो, असे म्हणणारे जाणकार आहेत. थेट आणलेल्या ताज्या मातीपुरते ते मलाही पटते.

आपल्या प्रतिनिधींना एक विनंती. पुढच्या वेळी रोपांच्या आकड्यासोबत मातीची नोंदवहीही मागावी: किती घनमीटर निघाली, ढिगात किती काळ पडून होती, किती जाड पसरली. सोबत एक पहार न्यावी. पसरलेल्या मातीत ती जोर लावूनही वीतभर जात नसेल, तर बातमीत तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त मृदा सर्वेक्षक