मावशी, अकरा दिवसांचं खातं मांडायचं राहिलं

मावशी, साष्टांग नमस्कार.

तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र तुमच्या नातीच्या फोनवर धाडतेय. ती वाचून दाखवेल. आणि चारचौघांत ठेवतेय ते अशासाठी, की माझी बदनामीही चारचौघांतच झाली होती. उपकार मात्र तुम्ही दार लावून केलेत. ते एकदा मोठ्यानं सांगावं म्हणते.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. त्याचंही लिहीत नाही, ते मला आवडायचं नाही.

१९९५ सालचा पावसाळा. मी एकोणीस वर्षांची. लालबागहून परळला टायपिंगच्या क्लासला जायची. मराठी तीसची परीक्षा झाली होती, इंग्रजी चाळीसची द्यायची होती. तो क्लाससमोरच्या पानाच्या गादीवर उभा असायचा. त्याचा बाप गिरणीत, माझ्या बापाच्याच खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि त्यातली कितीतरी परत आत गेलीच नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगणार? तुमच्या खाणावळीत बावीस मेंबर जेवायचे, त्यांचे सात झाले. बापांच्या हाताला काम नाही आणि पोरांच्या खिशात एकाएकी पैसा. कुठून आला, कुणी विचारायचं नाही. तसा तो साधा पंटर होता, दुकानदारांकडून हप्ता गोळा करणारा. पण मागं भाई होता, आणि चाळीतले जाणते लोकसुद्धा त्याला 'अहो' म्हणायला लागले होते.

एका संध्याकाळी मारुती व्हॅनचं दार सरकलं. रात्रभर कळव्याकडच्या एका खोलीत ठेवलं, सकाळी करी रोडच्या पुलाजवळ सोडून दिलं. त्या रात्री काय झालं आणि काय नाही, ते मी इथं लिहिणार नाही. त्या आठवड्यात ज्याला त्याला तेवढंच ऐकायचं होतं. तुम्ही एकट्याच, ज्यांनी ते विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाच माणसं घरी आली. नारळ, हिरवी साडी, चुडा. झालं गेलं गंगेला मिळालं, पोरगी आता आमचीच, असं बोलणं. 'नाहीतरी आता हिला कोण करणार?' हे त्यांच्यातल्या नव्हे, आमच्याच मजल्यावरच्या एका काकांनी म्हटलं. माझ्या बापानं बराच वेळ जमिनीकडं पाहिलं आणि मग तारीख विचारली. मी त्याला दोष देत नाही, असं लिहायला बसले होते. पण ते खोटं होईल. देते, थोडा.

नळाला पाणी पहाटे साडेचारला यायचं. मी कळशी घेऊन उतरले, कळशी रांगेत ठेवली आणि तशीच चालत तुमच्या दारात आले. त्या कळशीनं माझा अर्धा तास वाचवला. कळशी दिसतेय म्हणजे पोरगी इथंच कुठंतरी असणार. तुम्ही परातीत पीठ मळत होतात. वर बघितलंत आणि म्हणालात, 'जेवलीस का?' पहाटे साडेचारला! मला रडू आलं ते तेव्हा, त्याआधी तीन दिवस आलं नव्हतं. मग शिडीकडं बोट दाखवलंत. 'चढ वर.'

अकरा रात्री मी त्या पोटमाळ्यावर काढल्या. कांद्याची पोती, रातपाळीवाल्यांच्या वळकट्या, आणि फळ्यांच्या फटीतून दिसणारे तुमचे हात. समोरच्या भिंतीवर खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या, प्रत्येक मेंबराची वेगळी रांग. अक्षर येत नसलं तरी तुमचा हिशोब कधी चुकला नाही. मी वर पडून त्या रेघा मोजायची. माझी रेघ कुठं दिसते का, ते शोधायची. दिसली नाही.

चौथ्या दिवशी तो स्वतः आला, दोघांना घेऊन. मी तोंडात ओढणी कोंबून बघत होते. तुम्ही भाकरी थापत होतात, ती थापायची थांबला नाहीत. म्हणालात, 'संपात आठ महिने तुझा बाप हितंच जेवला. पैसं मी सोडलं, पर रेघा हायत्या तशा हायती. बघ की. पाट मांडू का तुला?' मावशी, त्या वाक्यावर मी आजही हसते. जेवायला बसावं तर पोरगी मागता येत नाही, न बसावं तर साथीदारांसमोर बापाची उधारी निघालेली. चप्पल न काढताच गेला तो. अर्थात एवढ्यावर भागलं नाही. आठवड्याभरात तुमचे पाच मेंबर गळाले, आणि एका रात्री दाराबाहेरचं सरपण कुणीतरी पेटवून दिलं. तुम्ही बादलीभर पाणी ओतलंत आणि मला सांगितलंत की मांजरानं दिवा पाडला. मी वरून सगळं बघितलं होतं.

आता एक परमुलखातली गोष्ट. मी फोर्टात एका वकिलांकडं टायपिंग करते, ते तुम्हाला माहीत आहे. गेल्या महिन्यात साहेबांनी एका व्याख्यानाचं टिपण टाइप करायला दिलं. त्यात एका पोरीची हकीकत होती आणि ती टाइप करताना माझ्याकडून चुकांवर चुका झाल्या, जे माझ्याकडून सहसा होत नाही.

इटली देशात सिसिली नावाचं बेट आहे. तिथं माफियांचं राज्य, म्हणजे आपल्याकडच्या भाईगिरीचा आजा. अल्कामो नावाच्या गावात शेतकऱ्याची पोर, फ्रांका व्हिओला. पंधराव्या वर्षी फिलिप्पो मेलोदियाशी तिची सोयरीक ठरली. तो तिथल्या एका माफिया घराण्याच्या नात्यातला. पुढं तो चोरीत पकडला गेला, तेव्हा बापानं सोयरीक मोडली. मग धमक्या सुरू. द्राक्षाचा मळा जाळला, कोठार जाळलं. बाप ढळला नाही. २६ डिसेंबर १९६५ ला मेलोदिया डझनभर हत्यारबंद माणसं घेऊन घरात घुसला. आईला मारहाण केली, फ्रांकाला ओढून नेलं. आठ वर्षांचा भाऊ तिला चिकटून राहिला, तर त्यालाही नेलं. नंतर त्याला सोडलं. तिला आठवडाभर डांबून ठेवलं, बलात्कार केला. ती अजून अठरा वर्षांचीही नव्हती.

आणि मग, मावशी, त्यांच्याकडंही नारळ घेऊन माणसं आली. नारळ नसेल, पण बोलणं तेच. तिथं त्याला रीतच होती: पळवून न्यायचं, मग लग्न लावायचं, म्हणजे अब्रू सांधली गेली. त्यांच्या कायद्यात तर चक्क कलम होतं, ५४४ नंबरचं: अत्याचार करणाऱ्यानं त्या बाईशी लग्न केलं की गुन्हा माफ. फ्रांकाच्या बापानं, बेर्नार्दो त्यांचं नाव, बैठकीत होकार दिल्याचं सोंग केलं आणि पोलिसांना कळवलं. २ जानेवारी १९६६ ला पोलिसांनी तिला सोडवलं. बापानं विचारलं, तुला काय करायचंय? ती म्हणाली, मला त्याच्याशी लग्न करायचं नाही. बाप म्हणाला, तू एक हात लाव, मी शंभर लावतो.

हे वाक्य टाइप केलं आणि मी उठून पाणी प्यायला गेले.

माझ्या बापानं तारीख विचारली होती. शंभर हात लावले ते तुम्ही, आणि तुमचं माझं नातं काय? तर माझी आई कधीमधी तुमच्याकडून विरजण न्यायची, एवढंच.

फ्रांका कोर्टात उभी राहिली. अख्खं गाव फिरलं होतं तिच्यावर. तिचं म्हणणं असं, की अब्रू जाते ती असं करणाऱ्याची, सोसणाऱ्याची नाही. डिसेंबर १९६६ मध्ये मेलोदियाला अकरा वर्षांची शिक्षा झाली, अपिलात तिची दहा झाली. १९६८ मध्ये तिनं लहानपणापासून ओळखीच्या मुलाशी लग्न केलं आणि खुद्द राष्ट्रपतींनी आहेर पाठवला. म्हणजे 'हिला कोण करणार' याचं उत्तर त्या काकांना मिळालं म्हणायचं. पण ते कलम जायला १९८१ उजाडलं. तिच्या नकारानंतर पंधरा वर्षं.

मी साहेबांना विचारलं, आपल्याकडं असं कलम होतं का? ते म्हणाले, कधीच नव्हतं. मला ते फार लागलं. कलम नव्हतं, तरी आमच्या खोलीत बसलेली ती माणसं कुणीतरी लिहून दिल्यासारखी बोलत होती. मनुस्मृतीत आठ प्रकारचे विवाह सांगितलेत. रडत-ओरडत असलेल्या मुलीला घरातून ओढून नेणं हाही त्यातला एक, राक्षस विवाह त्याचं नाव. नाव राक्षस, पण मोजलाय विवाहातच. अजूनही न्यायालयांना बजावावं लागतं, हेही साहेबांनीच सांगितलं: २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकालात लिहिलं, की आरोपी आणि पीडित मुलीनं लग्न करावं किंवा तडजोड करावी, असं न्यायाधीशांनी सुचवू नये. रोज हायकोर्टासमोरून जाताना मला रखमाबाई आठवतात. १८८७ साली याच शहरात कोर्टानं त्यांना सांगितलं होतं, लहानपणी लग्न लावलेल्या नवऱ्याकडं नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग चालेल म्हटलं. पुढं डॉक्टर झाल्या त्या.

आपली कोर्टाची गोष्ट लोकांना माहीत नाही, ती सांगते. पहिल्यांदा पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो तेव्हा तिथल्या साहेबानं आपल्याला घरातच मिटवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आणखी सहा खाणावळवाल्यांना घेऊन आलात, रिकामे डबे घेऊन, आणि सगळ्या बाकड्यावर बसलात. कुणी काही बोललं नाही. दुपारी दीडला आमची फिर्याद लिहून घेतली. कलम ३६६, लग्नासाठी जबरदस्तीनं पळवून नेणं. तो आकडा मी तेव्हा पाठ केला.

खटला पाच वर्षं चालला. दोन साक्षीदार फुटले. तुमची साक्ष होती त्या दिवशी कारकुनानं न विचारताच धंद्याच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिलं आणि वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, 'खाणावळ लिव्हा.' तो म्हणाला, एकच की हो. तुम्ही म्हणालात, 'एक कसं? बाविसांना जेवू घातलंय.' जज्जसाहेब हसले आणि कारकुनानं खोडून दुरुस्त केलं. तुमच्या साक्षीतलं बाकी सगळं विसरले मी, ही खाडाखोड तेवढी लक्षात आहे. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. कमी झाली असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

फ्रांकाला हे सगळं करताना तिच्या मागं बाप होता. तुम्हाला कोण होतं, हे मी कधी विचारलंच नाही. काका, म्हणजे तुमचे यजमान, संपानंतर गावाला निघून गेले, एवढं ऐकून होते. तुम्हाला भीती वाटली होती का, मावशी? नातीला सांगा, ती मला लिहून पाठवेल.

खोल्या पाडून टॉवर झाला, ती भिंतही गेली आणि रेघाही. अकरा दिवसांचं, दोन वेळचं, बावीस जेवणांचं माझं खातं तुमच्याकडं कधी मांडलंच गेलं नाही. रविवारी डोंबिवलीला येतेय. नात म्हणाली, तुम्हाला आता कडक भाकरी चावत नाही, डोळ्यांनाही कमी दिसतं. ज्वारीचं पीठ मी घेऊन येते, भाकरी मी थापेन. तुमच्यासारखी गोल येत नाही, आधीच सांगून ठेवते. तुम्ही नुसतं बसायचं, आणि मी दारात आले की विचारायचं, जेवलीस का.

तुमची,
पोटमाळ्यावरची