तेल लागण्याआधीची गोष्ट

स्टाव्हांगर, फेब्रुवारी

प्रिय दिगू,

तुझं पत्र वाचून आनंद झाला, आणि तुझ्या वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न वाचून त्याहून जास्त झाला. तेल नायजेरियातही आहे आणि नॉर्वेतही आहे, मग दोन देश इतके वेगळे कसे? 'नॉर्वेत माणसं कमी' एवढ्या उत्तरानं तुझं स्वतःचं समाधान झालं नाही, असं तू लिहिलंस. माझंही झालं नसतं. मी नॉर्वेच्याच किनाऱ्यावर राहतो आणि तेलाच्याच धंद्यात माझी नोकरी आहे. इतक्या वर्षांत मला जे उमगलं ते तुला सविस्तर लिहावं असं कधीचं मनात होतं.

आधी नकाशा काढ. देश आकारानं महाराष्ट्राहून किंचित मोठा, मुख्य भूमी सुमारे ३ लाख २४ हजार चौरस किलोमीटर. माणसं फक्त ५५ लाखांच्या आसपास. नांगराखाली येणारी जमीन जेमतेम तीन टक्के, बाकी खडक, जंगल, उजाड पठारं आणि बर्फ. किनारा सरळ रेषेत मोजलास तर अडीच हजार किलोमीटर भरेल. प्रत्येक फियॉर्डमध्ये, म्हणजे बर्फानं कोरलेल्या खोल खाडीत, आत शिरून बाहेर येत मोजलास तर तो २५ हजारांच्या वर जातो, आणि बेटांचे काठ धरले तर एक लाखाच्या घरात पोचतो. मुलांना हे फळ्यावर दोरा लावून दाखव, त्यांना फार मजा येईल.

सोग्नेफियॉर्ड समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त आत गेलेला आहे आणि मध्ये कुठं कुठं तेराशे मीटर खोल आहे. पण मुखाशी तळ एकदम वर येतो, तिथं दोनशे मीटरसुद्धा खोली नाही. हिमनदी डोंगरात कोंडलेली होती तोवर तिनं तळ खोल खोल कोरला. उघड्या समुद्राजवळ आल्यावर ती पसरली, पातळ झाली आणि कोरण्याचं बळ संपलं. आपली जयगडची किंवा दाभोळची खाडी आणि हा फियॉर्ड नकाशावर सारखे दिसतील, पण एक नदीचं काम आणि दुसरं बर्फाचं.

दुसरी गोष्ट म्हणजे उष्ण प्रवाह. ट्रोम्सो जवळपास ७० अक्षांशावर आहे, आर्क्टिक वृत्ताच्या बरंच वर. तरी तिथलं बंदर हिवाळ्यात गोठत नाही. अटलांटिकवरून येणारं कोमट पाणी आणि नैर्ऋत्येचे वारे हा किनारा मोकळा ठेवतात. म्हणूनच स्वीडनमधल्या किरुनाचं लोहखनिज बाल्टिक गोठल्यावरही नॉर्वेच्या नार्विक बंदरातून जगात जातं. त्यासाठी डोंगर फोडून रेल्वे टाकली, ती १९०३ मध्ये रीतसर सुरू झाली. हेच वारे बर्गनवर वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस पाडतात. तुझ्या गावाला चार महिन्यांत त्याहून जास्त पडतो, पण इथं तो बारा महिने रिपरिपत असतो. हा पाऊस लक्षात ठेव, पुढं त्याचं काम आहे.

आता मासे. बॅरेंट्स समुद्रातला कॉड दर हिवाळ्यात अंडी घालायला लोफोटेन बेटांपाशी उतरतो. जानेवारी ते एप्रिल तिथं झुंबड असते. मासा साफ करून, शेपटीशी जोडी बांधून, लाकडी मांडवांवर उघड्यावर टांगतात. वर्सोव्याच्या वलांडीवर बोंबील लटकलेले आठव आणि बोंबलाच्या जागी हातभर लांबीचा कॉड घाल, म्हणजे चित्र पुरं होईल. मीठ लागत नाही. फेब्रुवारी ते मे हवा शून्याच्या आसपास असते, त्यामुळं मासा सडतही नाही आणि पुरता गोठतही नाही, नुसता वाळतो. बर्गनच्या धक्क्यावर चौदाव्या शतकापासून हान्सा या व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी ठाण मांडलं ते याच सुक्या कॉडसाठी. आजही उत्तम माल इटलीला जातो आणि वाळवलेली मुंडकी नायजेरियाला. तिथं ती रश्शात आवडीनं घालतात. त्या मुलीला हे नक्की सांग. तिनं ज्या दोन देशांची नावं घेतली त्यांच्यात तेलाशिवाय हा एक चविष्ट व्यवहारही चालतो.

पण मुद्दा पुढं आहे. शतकानुशतकं लोफोटेनच्या मच्छीमाराला व्यापारी आगाऊ उचल द्यायचा आणि मासा स्वतःच्या भावानं घ्यायचा. उचल फिटत नसे आणि भाव ठरवण्यात मच्छीमाराला तोंड नसे. तू हे आपल्या बंदरावर पाहिलं आहेस. १९३८ मध्ये नॉर्वेनं कायदा केला की कच्च्या माशाची पहिली विक्री मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्री संघांमार्फतच होईल, आणि किमान भाव तेच ठरवतील. हा हक्क आजही त्यांच्याकडे आहे. मासेमारी बोटीची मालकीसुद्धा मुख्यतः प्रत्यक्ष मासे धरणाऱ्याकडेच असावी, असाही नियम आहे. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीच्या भांडणात आपल्याकडे छोट्या होडीवाल्याचं काय होतं ते आठवलं की मला या कायद्याची किंमत कळते.

याच्याही आधीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट धबधब्यांची आहे. तो बारमाही पाऊस आणि उंच पठारावरचं वितळतं बर्फ थेट फियॉर्डमध्ये कोसळतं. विजेचं युग आलं तेव्हा या पाण्याला अचानक भाव आला. देश १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळा झाला, खिशात भांडवल नव्हतं, आणि परदेशी कंपन्या शेतकऱ्यांकडून धबधबे विकत घेत सुटल्या होत्या. त्याच वर्षी साम आय्दे आणि बिर्केलान या दोघांच्या शोधावर नॉर्स्क हायड्रो उभी राहिली. विजेच्या प्रचंड ठिणगीनं हवेतला नायट्रोजन बांधायचा आणि खत करायचं, असा तो उद्योग. त्यासाठी रियुकानच्या अरुंद दरीत वेमोर्कचं वीजघर १९११ मध्ये सुरू झालं, त्या काळी जगातलं सगळ्यात मोठं. भांडवल बहुतेक बाहेरचं होतं. मी तिथं जाऊन आलो आहे. दरी इतकी खोल की सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत गावात ऊन पोचत नाही. कंपनीनं १९२८ मध्ये गावकऱ्यांना वर उन्हात नेणारा दोरावरचा पाळणा (रोपवे) बांधून दिला, आणि २०१३ मध्ये डोंगरावर मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडलं गेलं.

तर १९०६ मध्ये संसदेनं घाईघाईनं कायदा केला की परवान्याशिवाय परदेशी कंपनीला धबधबा घेता येणार नाही. १९०९ मध्ये त्याला अट जोडली गेली: परवाना साठ-ऐंशी वर्षांचा, आणि मुदत संपली की धबधबा, धरण, वीजघर सगळं फुकटात सरकारजमा. योहान कास्टबर्ग हा पुढारी यासाठी जिवाच्या आकांतानं लढला. उद्योगपती ओरडले की अशानं भांडवल पळून जाईल. भांडवल आलं, कारखाने झाले, आणि पुढं मालकी परतही आली. आज देशातली बहुतेक वीज पाण्यावर होते आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास जलविद्युत सरकार, जिल्हे आणि नगरपालिका यांच्या मालकीची आहे. त्याच स्वस्त विजेवर ऑर्दाल, सुन्दाल अशा फियॉर्डच्या टोकाच्या गावांत ॲल्युमिनियम वितळतं. देशात बॉक्साइटची खाण नाही. कच्चा माल बोटीनं येतो आणि नॉर्वेचं पाणी धातूच्या रूपानं बाहेर विकलं जातं.

आता तेल. १९५८ मध्ये इथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं लेखी कळवलं होतं की नॉर्वेच्या किनाऱ्याला तेल सापडण्याची शक्यता सोडून द्यावी. पुढच्याच वर्षी हॉलंडात ग्रोनिंगनला वायूचा प्रचंड साठा सापडला. १९६२ मध्ये फिलिप्स ही अमेरिकन कंपनी पैसे घेऊन दारात आली आणि म्हणाली, सगळ्या भूखंड मंचावर, म्हणजे किनाऱ्यापुढच्या उथळ समुद्रतळावर, शोध घेण्याचा हक्क आम्हाला एकट्याला द्या. सरकार भुललं नाही. ३१ मे १९६३ रोजी भूखंड मंच नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली असल्याचं आधी जाहीर केलं, १९६५ मध्ये ब्रिटन आणि डेन्मार्कशी मध्यरेषेवर सीमा ठरवली, आणि मग तुकड्या-तुकड्यांनी परवाने दिले. तुला भूगोलातली गंमत सांगतो. नॉर्वेच्या किनाऱ्याला लागूनच समुद्रतळावर तीनशे मीटरहून खोल चर आहे. तुमचा मंच त्या चरापाशीच संपला, असा वाद ब्रिटनला घालता आला असता. त्यांनी तो घातला नाही. एकोफिस्क हे पहिलं मोठं क्षेत्र त्या मध्यरेषेच्या अगदी जवळ आहे. तिथलं तेल पाइपनं इंग्लंडला आणि वायू जर्मनीला गेला, कारण तो चर ओलांडून स्वतःच्या किनाऱ्यावर पाइप आणायची विद्या तेव्हा नव्हती. ती १९८५ मध्ये साधली. माझं रोजचं काम समुद्रतळावरच्या पाइपांचं, त्यामुळं हा चर माझ्या मनात घर करून आहे.

फारूक अल-कासिम यांच्याबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकात काही नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो. बसऱ्याचे भूगर्भशास्त्रज्ञ, बायको नॉर्वेजियन, मुलाला सेरेब्रल पाल्सी. त्याच्या उपचारांसाठी १९६८ मध्ये घरदार सोडून ते नॉर्वेत आले. ऑस्लोत गाडीला वेळ होता म्हणून उद्योग खात्यात डोकावले आणि इथं तेलाच्या कोणत्या कंपन्या आहेत याची चौकशी केली. खात्यात तेलाचं काम पाहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांनी फारूकनाच ठेवून घेतलं. इराकमध्ये परदेशी कंपन्यांच्या हाती तेल गेलं की देशाकडे काय उरतं ते या माणसानं आतून पाहिलं होतं. १९६९ च्या डिसेंबरात एकोफिस्क सापडल्याचं कळलं. पुढं १९७२ मध्ये सरकारी तेल कंपनी स्टॅटऑइल आणि तिच्यावर नजर ठेवणारं वेगळं तेल संचालनालय अशा दोन संस्था इथं स्टाव्हांगरला स्थापन झाल्या. त्या आराखड्यात फारूक यांचा मोठा हात होता. (आपलं मुंबई हाय 'सागर सम्राट'नं शोधलं ते १९७४ मध्ये. दोन्ही समुद्र जवळपास एकाच काळात जागे झाले.)

तेल कंपनीच्या नफ्यावर इथं एकूण ७८ टक्के कर आहे. कंपन्या तरी टिकून आहेत, कारण शोधाच्या खर्चातही सरकार त्याच प्रमाणात वाटेकरी असतं. जमा होणारा पैसा १९९६ पासून एका निधीत जातो आणि सगळा देशाबाहेर गुंतवला जातो. तो देशातच ओतला असता तर इथलं चलन क्रोनर वधारलं असतं, महागाई भडकली असती आणि मासे-ॲल्युमिनियमची निर्यात मेली असती. सरकारनं वर्षाला सरासरी तीन टक्क्यांपर्यंत, म्हणजे अपेक्षित उत्पन्नाएवढंच वापरायचं आणि मुद्दलाला हात लावायचा नाही, असा नियम आहे. २०२४ अखेर हा निधी सुमारे २० लाख कोटी क्रोनरचा होता, माणशी ३५ लाखांहून जास्त. त्यातला निम्म्याहून अधिक भाग तेलाचा नव्हे, गुंतवणुकीच्या परताव्याचा आहे.

आता त्या मुलीला माझं उत्तर. नायजेरियात ओलोइबिरीला तेल लागलं १९५६ मध्ये आणि स्वातंत्र्य मिळालं १९६० मध्ये. परवाने, अटी, कंपन्यांचे हक्क सगळं परक्या राज्यकर्त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं होतं. नॉर्वेला तेल लागलं तेव्हा 'निसर्गाची देणगी सगळ्यांची, वापरणाऱ्यानं तिचं मोल भरायचं' हा धडा धबधब्यांवर गिरवून साठ वर्षं झाली होती. कायदे होते, प्रामाणिक कारकून होते, जाब विचारणारी संसद होती. म्हणून मी तिला १९६९ च्या आधी १९०९ वाचायला सांगेन.

हे सगळं सोज्वळ आहे असं मात्र तिला सांगू नकोस. २७ मार्च १९८० ला 'अलेक्झांडर किलँड' हा तेल कामगारांच्या मुक्कामाचा तरंगता तळ वादळात उलटला आणि १२३ माणसं गेली. एका आडव्या नळीच्या सांध्यातली चीर कारणीभूत ठरली. आमच्या गावात त्यांची आठवण न काढणारा जुना माणूस नाही. आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७९ पासून उत्तरेतल्या मूळ रहिवासी सामी लोकांनी उपोषणं केली, स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. धरण झालंच. मला सेनापती बापट आणि १९२१ चा मुळशी सत्याग्रह आठवतो. त्या लढ्यानंतर सामींना १९८९ मध्ये स्वतःची संसद मिळाली, तरी फोसेनला त्यांच्या रेनडिअरच्या कुरणांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये त्या परवान्यांनी सामींचा हक्क डावलल्याचा निकाल दिल्यावरही त्या फिरतच राहिल्या. सगळ्यांची देणगी म्हणताना 'सगळे' यात हे लोक धरले नाहीत, याचा मला राग आहे.

सॅमन माशाचीही अशीच कथा. १९७० मध्ये हित्रा बेटावर दोन भावांनी तरंगत्या जाळ्यात सॅमन वाढवून दाखवला. आज जगातला निम्म्याहून जास्त अटलांटिक सॅमन नॉर्वेच्या फियॉर्डमधून जातो. पण फियॉर्ड वापरण्याचे परवाने कित्येक वर्षं फुकटात वाटले गेले. काही घराणी अब्जाधीश झाली आणि जाळ्यांतल्या उवा रानटी सॅमनच्या पिलांना मारू लागल्या. २०२२ मध्ये सरकारनं समुद्राच्या वापराचं भाडं म्हणून ४० टक्के कर लावायचं जाहीर केलं, तेव्हा १९०९ चीच ओरड पुन्हा झाली. शेवटी २५ टक्क्यांवर तडजोड झाली. मला ४० हवा होता.

मेच्या सुट्टीत येणार असशील तर पहिल्याच आठवड्यात निघ. बर्फ वितळत असतं, धबधबे भरलेले असतात आणि लोफोटेनचे मांडव अजून उतरवलेले नसतात. ऑस्लोहून आधी रियुकान करू, मग बर्गन, आणि तिथून किनारी बोटीनं उत्तरेला. चौथ्या दिवशी संध्याकाळी बोट लोफोटेनला लागते. लोकरीचे कपडे माझ्याकडे आहेत, विकत घेऊ नकोस. पावसाचे बूट मात्र स्वतःच्या मापाचे आण. वहिनींना नमस्कार, आणि तारखा ठरल्या की लगेच कळव, बोटीच्या खोल्या लवकर भरतात.

तुझाच,
मंदार